मोठ्या जनावरांची इंटर्नशिप, सोलापूर जिल्हा: नव्या पशुवैद्यकांचे नेहमीचे प्रश्न

पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम संपवून इंटर्नशिपसाठी सोलापूर जिल्ह्यात येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न दरवर्षी साधारण सारखेच असतात. काही पहिल्याच दिवशी विचारले जातात. काही गोठ्यातून परतताना गाडीवर निघतात, तर काही संकोचापोटी मनातच राहतात. इथे सगळेच घेतले आहेत. उत्तरं याच जिल्ह्यात गायी-म्हशींच्या मागे फिरलेल्या एका पशुवैद्यकाची आहेत. त्यात नियम आहेत तसं माझं मतही आहे.

इंटर्नशिप सक्तीची आहे का? पदवी आधी मिळते की नंतर?

सक्तीची आहे आणि पदवी तिच्यानंतरच मिळते. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यात साडेचार वर्षं शिक्षण आणि पूर्ण एक वर्ष इंटर्नशिप. त्याआधीच्या नियमांत ती सहा महिन्यांची होती. सुरू करण्यापूर्वी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते. कुणाला कुठे आणि किती दिवस पाठवायचं हे तुमचं महाविद्यालय ठरवतं. त्यामुळे बाहेरची पोस्टिंग हवी असेल तर अर्ज वेळेत द्या. तारीख उलटून गेल्यावर कुणाची शिफारस आणून उपयोग होत नाही.

महाविद्यालयाच्या चिकित्सालयात केसेस येतातच की. मग सोलापूरला कशाला यायचं?

तिथे येणारं जनावर टेम्पोत चढू शकलेलं असतं. जे चढू शकत नाही, ते गोठ्यातच पडून असतं. ते पाहायचं तर त्याच्याकडे जावं लागतं. तिथे गेलं की गव्हाणीत काय पडलंय, पाण्याचा हौद कुठे आहे, शेजारच्या दावणीची गाय कशी आहे, हे सगळं दिसतं. निम्मं निदान तिथेच होतं.

दुसरं म्हणजे या एका जिल्ह्यात तीन-चार वेगळे मुलूख आहेत. भीमा-नीरेच्या पट्ट्यात, म्हणजे माळशिरस, पंढरपूर, माढा आणि करमाळा तालुक्यात, ऊस आणि उजनीचं पाणी आहे. तिथे संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आणि दुधाचा धंदा. सांगोला-मंगळवेढ्याकडे कोरडवाहू रान, खिलार बैल आणि धनगरांच्या मेंढ्या. पंढरपुरी म्हैस तर इथलीच. बार्शीकडे उस्मानाबादी शेळी भेटते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरला लागून कर्नाटक आहे, तिथे जनावरांची आणि माणसांची ये-जा सीमा मानत नाही. एका मोटारसायकलवर एवढा फरक पाहायला मिळणं सोपं नाही.

येताना काय आणायचं?

गमबूट, दोन ॲप्रन, स्वतःचा स्टेथोस्कोप, थर्मामीटर, खांद्यापर्यंतचे हातमोजे, नखं कापायची कात्री, टॉर्च आणि खिशात मावणारी वही. हातातली अंगठी, कडं, धागा घरी ठेवा. महागडी किट विकत घेऊ नका.

थर्मामीटरबद्दल एक गोष्ट सांगतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर जातो. म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०७ च्या पुढे. डिकीत राहिलेला पाऱ्याचा थर्मामीटर आधीच तिथे जाऊन बसलेला असतो आणि तो तसाच लावला तर निरोगी गायीलाही कडक ताप दिसतो. तो गार पाण्यात बुडवा, झटका, आकडा खाली आला याची खात्री करा आणि मगच लावा.

पहिल्या आठवड्यात इंजेक्शन द्यायला मिळेल का?

मी देत नाही. पहिला आठवडा तपासायचा. प्रत्येक जनावराचं तापमान, नाडी, श्वास, पोटाची हालचाल, डोळ्याच्या आतला रंग, शेण आणि कास पाहायची आणि वहीत लिहायची. मग मी विचारतो, "काय वाटतं?" उत्तर चुकलं तरी हरकत नाही. मात्र न तपासता दिलेलं बरोबर उत्तर मी धरत नाही.

मुलांना हे रटाळ वाटतं, हे मला माहीत आहे. पण शिरेत सुई घालणं सरावाने येतंच. ती कशासाठी घालायची हे मात्र नंतर कुणी शिकवत नाही. या वर्षात तुमचा हात, कान आणि डोळा तयार झाला नाही, तर पुढची तीस वर्षं तुम्ही ताप आला की अँटिबायोटिक आणि बसली की कॅल्शियम, एवढ्यावरच काढाल.

तपासणीचा क्रम कसा ठेवायचा?

लांबून सुरुवात करा. गोठ्यात शिरताच जनावराला हात लावू नका, दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पाठ कमानीसारखी आहे का, कोपरं बाहेर काढून उभी आहे का, कोणत्या पायावर वजन कमी देते, रवंथ करते का. मालक तोवर बोलत असतो, त्याला बोलू द्या.

मग मागून तापमान घ्या. गायीचं साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. नाडी शेपटीच्या मुळाशी लागते. त्यानंतर डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खोलगट जागा. तिथे मूठ दाबून धरली की पोटाची लाट हाताला ढकलते. निरोगी गायीत दोन मिनिटांत दोन ते चार वेळा. स्टेथोस्कोप लावून टिचकी मारा आणि बादलीवर मारल्यासारखा खणखणीत आवाज आला तर थांबून विचार करा, चौथं पोट सरकलेलं असू शकतं. हृदय डाव्या कोपराच्या आत ऐका. शेवटी कास: चारही सडांची धार काळ्या कपावर किंवा हातमोज्यावर काढून बघा. दगडी (कासदाह) झालेली गाय पुष्कळदा "चारा खाईना" एवढ्याच तक्रारीवर दाखवतात.

उन्हाळ्यात धापा टाकणारी म्हैस १०६ अंश दाखवते. ते तापाचं इंजेक्शन द्यायचं जनावर नाही, आधी सावली आणि अंगावर पाणी. काळी कातडी आणि घामाच्या कमी ग्रंथी यामुळे म्हशीला ऊन लवकर बाधतं. अर्ध्या तासाने परत तापमान घेतलं की खरा ताप आहे का ते कळतं.

जनावर धरण्याची भीती वाटते. विशेषतः खिलार.

वाटली पाहिजे. खिलार तापट आहे, अनोळखी माणसाला आणि पांढऱ्या ॲप्रनला बुजतो. त्याच्या मालकाला दूर सारू नका, वेसण त्याच्याच हातात राहू द्या. तुम्ही खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, हात अंगावर ठेवत मागे जा. एकदा हात ठेवला की काढू नका. गाय पुढून आणि बाजूला वळवून लाथ मारते, त्यामुळे मागच्या पायाच्या बाजूला उभं राहायचं तर अगदी चिकटून राहा, अर्ध्या अंतरावर थांबलात तर लाथ पूर्ण ताकदीने बसते.

पंढरपुरी म्हैस स्वभावाने गरीब असते, पण तलवारीसारखी शिंगं मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात. माशी बसली म्हणून तिने डोकं झटकलं तरी बाजूच्याच्या बरगडीला लागतं. खोड्यात घालताना शिंगं दांड्यात अडकत नाहीत ना, हे बघायला एक माणूस वेगळा ठेवा.

दोर टाकून पाडायची वेळ आली तर जागा आधी निवडा: मऊ माती, उतार नको, दगड नको. गाभण जनावर पाडण्याआधी वरिष्ठांना विचारा. आणि दोराची गाठ एका झटक्यात सुटणारीच मारा. फास बसलेली गाठ जनावराच्या जिवावर बेतते.

गाभण तपासणी किती दिवसांत जमते?

दिवस मोजू नका. आधी भाकड आणि उघडपणे गाभण असलेल्या जनावरांमध्ये हात घालून गर्भाशयाचं मुख, शिंगं आणि अंडाशय ओळखायला शिका. तीन महिन्यांवरची गाभण आधी कळते, दोन महिन्यांची उशिरा. ज्या दिवशी शंका असेल त्या दिवशी "शंका आहे, महिन्याने परत बघू" असं मालकाला सांगा. गाभण नाही म्हणून सांगितलेल्या गायीला माजावर आणायचं औषध दिलं आणि ती गाभणच निघाली, तर गर्भ जातो आणि त्या घराचं एक वेत बुडतं.

हात घालताना नखं कापलेली, मोजा ओला, बोटं जुळवलेली. आतडं फुगून हाताभोवती ताठ झालं की थांबा, जोर करू नका. मोज्यावर ताजं रक्त दिसलं तर त्या दिवसापुरती तपासणी संपली.

शिरेतून कॅल्शियम द्यायची परवानगी कधी मिळते?

हृदय ऐकत ऐकत देता येऊ लागलं की.

दुग्धज्वर हा या भागातला नेहमीचा आजार. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडतं. चांगली दुधाची गाय विल्यानंतर साधारण तीन दिवसांत बसते, मान एका कुशीवर टाकते, कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद. उसाच्या पट्ट्यात याला एक जोडकारण आहे. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, स्वस्त, म्हणून महिनोन्महिने तेच खाऊ घालतात. वाढ्यातलं ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून "रोज काय घालता?" हा प्रश्न सलाईन लावण्याआधी विचारायचा.

४५० मिलीची बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करा. थंडीत पहाटे ती बादलीभर गरम पाण्यात ठेवून जा. सुई शिरेतच आहे याची दोनदा खात्री, कारण बाहेर गेलेलं औषध मानेला सूज आणतं. मग पंधरा-वीस मिनिटं संथ धार, आणि एक कान सतत हृदयावर. ठोके अडखळले किंवा एकदम वाढले की बाटली खाली धरा, थांबा. औषध लागू पडतंय हे गाय स्वतः सांगते: मांडीचे स्नायू थरथरतात, ढेकर येते, कोरड्या नाकपुडीवर बारीक थेंब दिसू लागतात, आणि मग ती शेण टाकते. उठायची घाई तिची तिला करू द्या, शेपूट पिरगाळू नका. वासरू समोर आणून बांधा. त्या दिवशी कास पूर्ण रिकामी करू नये, हे मालकाला निघताना पुन्हा सांगा.

अडलेलं जनावर पाहायला मिळेल का?

मिळेल, आणि बहुतेक रात्रीच. फोन आला की निघताना तीन प्रश्न विचारा: कळा कधीपासून, पाणमोट फुटली का, आधी कुणी हात घातला का. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर गोठ्यात पोचल्यावरच मिळतं.

पंढरपूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची म्हैस सांगतो. मावशी म्हणाल्या, "रात्रीपासनं कळा देतीया, पण पिशवी काय दिसंना." बाहेरून सगळं शांत, म्हैस मधूनच पाय बदलायची आणि पोटाकडे बघायची. योनीत हात घातला तर वाट सरळ जाईना. पिळलेल्या धोतरासारख्या घड्या लागल्या आणि त्या उजवीकडे वळत होत्या. बरोबरच्या इंटर्नचा हात गुदमार्गे घालायला लावला, त्यालाही गर्भाशयाचा बंध एका बाजूने वर ताणलेला लागला. निदान गर्भाशयाला बसलेल्या पिळाचं होतं. म्हशींमध्ये हा पीळ नेहमी येतो आणि बहुधा उजवाच असतो.

पीळ ज्या बाजूचा, त्याच कुशीवर जनावर पाडायचं आणि त्याच दिशेला लोळवायचं. पोटावर लांब फळी टेकवून तिच्या खालच्या टोकावर एक माणूस उभा करायचा, म्हणजे गर्भ दाबून धरला जातो आणि शरीर त्याच्याभोवती फिरतं. चार माणसं दोराला होती, फळी दाराची काढली. पहिल्या फेरीनंतर तपासलं, घडी सैल झाली होती पण होती. दुसरी फेरी दिली आणि हात थेट गर्भाशयाच्या मुखापर्यंत गेला. पाणी आलं. रेडकू जिवंत निघालं. त्या मुलाने त्या रात्री एकही इंजेक्शन दिलं नाही. पण प्रत्येक फेरीनंतर हात घालून काय बदललं ते सांगत होता, आणि पुढच्या वेळी पीळ त्याला कुणी दाखवावा लागणार नाही.

साध्या अडलेल्या केसमध्ये लक्षात ठेवायचं: भरपूर वंगण, वासराचे दोन पाय आणि डोकं की दोन पाय आणि शेपूट हे आधी ठरवणं, आणि ओढायचं ते कळेबरोबर, दोन माणसांच्या जोराने, ट्रॅक्टरने कधीच नाही. अर्धा तास नीट प्रयत्न करून पुढे सरकत नसेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय वेळेत घ्या. दमलेल्या, फाटलेल्या गर्भाशयावर सिझेरियन केलं तर जनावर सहसा वाचत नाही.

वार हाताने काढायची का?

नाही. मालक आग्रह धरेल, शेजारी तर जास्तच. विल्यानंतर आठ-बारा तासांत वार आपोआप पडते. त्यापुढे राहिली तर ताप, भूक, वास पाहून उपचार ठरवा. ओढून तोडलेली वार आत जखमा करते आणि पुढे तीच गाय वारंवार उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही.

वर्षभरात कोणत्या महिन्यात काय पाहायला मिळतं?

पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसीकरणाची धावपळ. पावसाळ्यात गोचीड ताप, त्यामुळे कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी करायला शिका. संकरित गायीला कडक ताप, सुजलेल्या गाठी आणि पांढरट डोळे दिसले तर अंदाजाने अँटिबायोटिक देण्याआधी ती पट्टी बघायची. तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, तोही याच दिवसांत. लाळ्या-खुरकूताची लस राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांनी दिली जाते, त्या फेरीत इंटर्न लागतातच. लम्पी त्वचारोग २०२२ मध्ये राज्यभर पसरला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली. त्या काळात मोठ्या वर्गातल्या अनेकांचं प्रशिक्षण रस्त्यावरच झालं.

आषाढीला पालख्या माळशिरस तालुक्यातून पंढरपूरकडे येतात. रथाचे बैल, दिंड्यांच्या गाड्या, रिंगणाचे अश्व. मार्गावरच्या पशुवैद्यकीय पथकाबरोबर जायची संधी मिळाली तर सोडू नका. खूर, खांदा आणि थकवा या तीन गोष्टी तिथे नीट शिकता येतात.

गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या बैलांसह कारखान्यांवर येतात. खांदे सुजलेले, खूर झिजलेले, अंगावर चाबकाचे वळ. गाडीवानाला "बैलाला आठ दिवस विश्रांती द्या" असं सांगून चालत नाही, त्याची उचल फिटायची असते. जू बदलणं, गादी लावणं, एका बाजूचा बैल दुसरीकडे जुंपणं, ओझं कमी करणं, अशा शक्य गोष्टी सुचवा. मला हे काम पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा यात्रेत आणि कार्तिकीला पंढरपुरात जनावरांचे बाजार भरतात, तिथे दातांवरून वय ओळखायचा सराव करा. व्यापारी तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतात, त्यांना विचारा.

उन्हाळ्यात विषबाधा. ज्वारी काढल्यावर वळवाचा पाऊस झाला की धसकटांना कोवळे फुटवे येतात, ते खाल्लं की किरळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, लागते. तडफड, धाप, लालभडक रक्त, आणि हातात थोडाच वेळ असतो. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट पिशवीत असेल तरच उपयोग. डाळिंबाच्या बागांकडे फवारणीच्या औषधाची विषबाधा दिसते: लाळ, बारीक बाहुल्या, थरथर. तिथे ॲट्रोपिन. लग्नसराईत उरलेला भात आणि बुंदी घातलेली गाय आम्लतेने बसते, म्हणून एप्रिलमध्ये बसलेल्या प्रत्येक गायीला दुग्धज्वर समजू नका.

घोडे बघायला मिळतात का?

अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, तिथे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटदुखीत नाकातून नळी घालून पोट मोकळं करणं जीव वाचवतं. ती नळी पहिल्यांदा घालताना वरिष्ठ शेजारी हवाच. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर व्रण असलेला घोडा दिसला तर हात लावू नका, ग्लँडर्सची शक्यता असते, तो माणसाला होतो आणि कळवणं बंधनकारक आहे.

शेळ्या-मेंढ्यांचं काय?

सांगोला-मंगळवेढ्यात कळपांबरोबर एक दिवस चाला. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), आंत्रविषार, जंत. कळपात एक जनावर आजारी नसतं, कळप आजारी असतो.

स्वतःला काही होऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची?

रेबीजची प्रतिबंधक लस इंटर्नशिपच्या आधीच पूर्ण करा: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. "घशात काहीतरी अडकलंय, लाळ गाळतीया" असा निरोप आला आणि गाय वेगळ्याच आवाजात हंबरत असेल, तर तोंडात उघडा हात घालू नका. कुत्रं चावलं होतं का हे आधी विचारा. घरातल्या माणसांनी तोंडात हात घातला असेल तर त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेली गाय म्हणजे ब्रुसेलोसिसचा संशय, आणि तो माणसालाही होतो. वार, गर्भ, पाणी उघड्या हाताने नाही. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात आणि ती जिवंत असते. देताना हातमोजे आणि चष्मा. हाताला सुई टोचली तर लपवू नका, लगेच सांगा. महिनोन्महिने चढ-उतार करणारा ताप घेऊन फिरणारे पशुवैद्यक मी पाहिले आहेत.

अचानक मेलेलं जनावर, नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त: शव फाडायचं नाही. काळपुळी असेल तर एका चिरेने ती जागा वर्षानुवर्षं दूषित होते.

कोणती औषधं टाळायची?

डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांना मारतं. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम आहे. माणसांच्या दुकानातून आणलेली बाटली कुणी पुढे केली तरी वापरू नका. अँटिबायोटिक दिलं की दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे चिठ्ठीवर लिहा. तोंडी सांगितलेलं संध्याकाळच्या धारेला विसरतं.

पशुपालकांशी कसं बोलायचं?

"मालक", "अण्णा", "मावशी", "आक्का", जे ओठावर येईल ते, पण आदराने. धारा काढणारी, चारा टाकणारी बहुतेक घरची बाई असते आणि बोलायला पुढे पुरुष येतो. माज कधी दिसला, कालपासून किती खाल्लं, हे तिला विचारा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कानडी बोललं जातं, दवाखान्यातला परिचर बरोबर न्या.

"डॉक्टर, सलाईन लावा" हा आग्रह रोजचा. गरज नसेल तर नाही म्हणा, पण तपासून म्हणा. भकाळीवर त्यांचाच हात ठेवून पोट चालतंय हे दाखवलं की बहुतेक जण ऐकतात. खर्चही आधी सांगा. पंचाहत्तर हजारांची गाय आणि पाच हजारांची शेळी यांचा निर्णय सारखा असू शकत नाही, आणि तो निर्णय घेण्याचा हक्क त्यांचा आहे.

मुलींना हे काम जमतं का?

जमतं. रोज बघतो. जोर लागतो तिथे दोर, खोडा आणि भुलीचं औषध लागतं, दंड नव्हे. बारीक हात तर अडलेल्या शेळीत आणि कालवडीत फायद्याचाच. खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत: फिरतीवर स्वच्छतागृह नसणं, रात्रीच्या कॉलला एकटीने जाणं, आणि "डॉक्टर कधी येणार?" असं तुमच्याकडे बघतच विचारणं. पहिल्या दोन्हींची सोय करणं वरिष्ठांची जबाबदारी आहे, ती मागून घ्या. तिसऱ्यासाठी मी गोठ्यात शिरतानाच "या डॉक्टर बघतील" असं सांगतो आणि मागे उभा राहतो. प्रत्येक वरिष्ठाने एवढं करावं.

प्रमाणपत्रावर सही करता येते का?

येत नाही. आरोग्य दाखला, विम्यासाठी मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, शर्यतीच्या बैलांची तपासणी, यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच सही चालते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ मध्ये हे स्पष्ट आहे. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बैलगाडा शर्यती वाढल्या आहेत आणि ओळखीचे लोक "नुसती सही मारा" म्हणतील. मारू नका. कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक मात्र प्रत्येक नोंदीत स्वतः वाचून लिहा, फोटोवरून नको.

भत्ता मिळतो का? राहायचं कुठे?

भत्ता महाविद्यालयामार्फत खात्यावर जमा होतो. तो पेट्रोल आणि जेवणापुरता धरून चाला. तालुक्याच्या गावी दोघा-तिघांत खोली घ्या, दवाखान्याजवळ. लांब राहिलात तर रात्रीच्या केसेस हुकतात.

जनावर हातात दगावलं तर?

दगावेल. मालकाला सामोरं जा, गाडीवर बसून निघून जाऊ नका. काय सापडलं, काय केलं, काय झालं हे सरळ सांगा. शक्य असेल तर शवविच्छेदन करा. चाऱ्यातून पोटात जाऊन हृदयावरणात रुतलेली तार डोळ्यांनी पाहिलेला मुलगा कोपरं बाहेर काढून उभी राहिलेली गाय पुन्हा अपचन म्हणून सोडत नाही. आणि जिचं दूध घर चालवत होतं त्या घरात त्या दिवशी फी मागू नये, असं माझं मत आहे.

लॉगबुक कसं लिहायचं?

त्याच दिवशी, स्वतःच्या शब्दांत. आकडे आधी, निदान नंतर, औषध शेवटी. आठ दिवसांनी फोन करून पुढे काय झालं ते खाली लिहा. परीक्षकाला ती ओळ लागत नाही, तुम्हाला लागेल.

नंतर काय करायचं?

इंटर्नशिप पूर्ण झाली की राज्य पशुवैद्यक परिषदेकडे कायमची नोंदणी आधी करा, त्याशिवाय प्रॅक्टिस बेकायदेशीर. पुढे पशुधन विकास अधिकारी पदासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा, पदव्युत्तर प्रवेश, दूध संघ, किंवा १९६२ क्रमांकाच्या फिरत्या पथकातलं काम. खासगी प्रॅक्टिस करायची असेल तर आधी एखाद्या ज्येष्ठाबरोबर वर्ष-दीड वर्ष काढा. मग गाव निवडताना तिथल्या डेअरीचं रोजचं संकलन किती, दुभती जनावरं कुठल्या जातीची, उन्हाळ्यात चारा कुठून येतो आणि जवळचा श्रेणी-१ दवाखाना किती अंतरावर आहे, एवढं चार गावं हिंडून स्वतः बघून घ्या.